आंबाटोल्याच्या टोपल्या

मी एक जुने मेज आहे. खरे सांगायचे तर अर्धेच आहे. आंबाटोल्याच्या शाळेत खिडकीखाली मी उभे असते. माझी एक कड गुळगुळीत आहे आणि दुसरी खडबडीत, करवतीचे दात उमटलेली. गुरुजींची पाठ वळली की तुमच्यातले कितीतरी जण त्या खडबडीत कडेवरून बोट फिरवतात, बोटात लाकडाची कूस गेली की मलाच चार शब्द सुनावतात. मी ते मनावर घेत नाही. पण मित्रांनो, ती कड कशी झाली हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या गावातल्या चुलींचा तिच्याशी संबंध आहे. म्हणून आज माझी गोष्ट ऐका.

माझे लाकूड नागझिऱ्याच्या बाजूच्या सागाचे. दिल्लीला इंग्रज बादशहाचा दरबार भरला, त्याच्या पुढच्या वर्षी केवलराम सुताराने मला घडवले. हा माणूस बोलायचा कमी आणि रंधा मारायचा जास्त. त्याने मला दोन खाटांएवढे लांब केले, आठ पाय दिले आणि चारही बाजूंनी बोटभर उंच पट्टी ठोकली. ती पट्टी कशाला, असे त्याच्या बायकोने विचारले तेव्हा तो म्हणाला, "बिडी गोल रायते. घरंगरून खाली पडंल का नाई?" एवढ्या एका वाक्यावरून मला कळले की आपला जन्म कशासाठी आहे.

बैलगाडीने मी गोंदियाला आले. तिथे ईश्वरदास सेठ नावाच्या तरुण व्यापाऱ्याने स्टेशनपासून जवळच विडीचा कारखाना काढला होता. विडी ओढणे चांगले की वाईट ते तुमचे गुरुजी सांगतील, आणि ते सांगतील तेच ऐका. मी फक्त विडी वळणाऱ्या हातांबद्दल सांगणार आहे.

काम असे चाले. बायका कारखान्यातून टेंभुर्णीची पाने, तंबाखू आणि दोरा घरी नेत. पाने भिजवून, कापून, तंबाखू भरून विड्या वळत आणि पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधत. दुसऱ्या दिवशी जुड्या टोपलीत घालून परत आणत. मग त्या माझ्यावर ओतल्या जात. सैल, फाटकी, तोंड उघडलेली विडी बाजूला काढायची, याला छाटणी म्हणत. चांगली विडी भट्टीत शेकायला जाई. जितक्या विड्या छाटल्या, तितक्या त्या बाईने नव्याने वळून भरून द्यायच्या, तेही तिच्याच वाट्याच्या पानांतून.

ही छाटणी ताराचंद करायचा. माणूस सरळ, कोणाच्या एका विडीचा लोभ नाही, पण तोंडाने तिखट. त्याची बोटे माझ्यावरून अशी झरझर फिरत की मलाच गुदगुल्या होत. आणि मोजताना कोणी बोललेले त्याला मुळीच खपत नसे. "मोजून रायलो ना!" एवढे म्हणून तो ओठ पुन्हा हलवू लागे. पहिली कितीतरी वर्षे मी फार सुखात होते. पाहुणा आला की सेठ माझ्यावर थाप मारून म्हणे, "शुद्ध सागवान है, साहब!" आणि मी फुगून जाई. लाकूड पावसाळ्यात फुगते म्हणतात. मी बारा महिने फुगलेले असे.

आता कारखान्याचा एक रिवाज सांगते. पहिल्याच वर्षी, पहिल्याच दिवशी, पहिली टोपली फुलचूरच्या यशोदाबाईने आणली होती. ते वर्ष सेठला भरभराटीचे गेले. झाले! यशोदाबाईचा हात लक्ष्मीचा ठरला. तेव्हापासून रोजची बोहनी तिच्याच टोपलीने व्हायची. तिच्यामागे फुलचूरच्या सगळ्या बायका, त्यांच्यामागे गोंदियातल्या मोहल्ल्यांच्या, आणि सगळ्यांत शेवटी आंबाटोल्याच्या. कोणी तसा नियम लिहिला नव्हता. पण पाच-सहा वर्षांत तो दगडावर कोरल्यासारखा झाला. आंबाटोला पडला गोरेगावच्या वाटेवर, तीन कोसांवर. बायका उजाडताना निघायच्या, तरी पोहोचेपर्यंत रांग पडवीबाहेर गेलेली असायची. पडवीचे छप्पर चाळीस बायकांपुरते. पुढे उघडे अंगण.

दुसराही एक रिवाज होता. एकदा गोदामाचा माणूस आजारी पडला, तेव्हा सेठने ताराचंदला म्हटले, "दो दिन चाबी तुम रखो." त्या दोन दिवसांना पुढे अठरा वर्षे झाली. एका बाईची छाटणी झाली की ताराचंद उठायचा, गोदामापर्यंत जायचा, कुलूप काढायचा, पाने आणि तंबाखू तोलून आणायचा, कुलूप लावायचा आणि पुन्हा माझ्यापाशी बसायचा. मग पुढची बाई. मला वाटायचे, कारखाना असाच चालतो. त्यालाही तेच वाटायचे.

आंबाटोल्यात विडी नेली ती अनुसयाबाईने. ती लग्न होऊन आली फुलचूरकडून, वळायची कला माहेरून शिकून. तुमच्या गावात शेती धानाची, तीही पावसावरची. मळणी आटोपली की होळीनंतर हाताला काम नसायचे. अनुसयाबाईने आधी जावेला शिकवले, मग शेजारणीला, मग करता करता सदतीस घरांना. तिची विडी मी हजारांतून ओळखत असे. बारीक, घट्ट, शेंगेसारखी. तिच्या जुड्या माझ्यावर पडल्या की मला बरे वाटे.

पण दर वर्षी होळी झाली की आंबाटोल्याच्या टोपल्या बिघडायच्या. विड्यांची तोंडे उघडलेली, पान उकललेले, तंबाखू टोपलीच्या तळाशी सांडलेला. ताराचंद मुठी भरभरून बाजूला टाकायचा. पावसाळा लागला की पुन्हा सगळे ठीक. याचे कारण सगळ्या कारखान्याला पाठ होते. होळीनंतर मोहाची फुले गळतात. आंबाटोल्याच्या बाया पहाटे मोह वेचतात आणि मग त्याच चिकट हातांनी विडी वळतात. चिकट हाताची विडी टिकणार कशी?

"मोहाचे हात हायेत हे," ताराचंद म्हणायचा.

"हात धुवूनच वरतो भाऊ," अनुसयाबाई सांगू लागायची. "राखेनं घासतो. बिडी घरून निंगते तवा चांगली रायते, मी सोता पायते..."

"मोजून रायलो ना, बाई!"

आणि मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मीसुद्धा तेच मानत होते. ज्या हातांच्या विड्या पावसाळ्यात माझ्यावर मोत्यांसारख्या पडत, त्याच हातांना उन्हाळ्यात मी नाक मुरडत असे. माझ्यावर रोज पुरावा ओतला जात होता आणि मी नुसते पडून होते. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या दोन वर्षे आधीची गोष्ट. त्या वर्षी ऊन फार होते आणि छाटही फार. एके दिवशी सेठने माझ्यावरचा छाटलेल्या विड्यांचा ढीग पाहिला. तो ढीग चांगल्या विड्यांच्या ढिगाइतकाच उंच होता. सेठने ताराचंदला विचारले आणि तिथल्या तिथे ठरवून टाकले, "अक्षयतृतीया से आंबाटोला बंद. पत्ता नहीं, तंबाखू नहीं."

अनुसयाबाई तेव्हा समोरच उभी होती. तिने रिकामी टोपली उचलली आणि ती भिंतीशी जाऊन बसली. मागच्या दोघी-तिघी तिच्याकडे पाहू लागल्या, आणि ते पाहणे मला आवडले नाही. त्यांतली सुशीलाबाई म्हणालीच, "तूच शिकवलं ना वं आमाले? तुह्याच हाताचा गुन सगळ्या गावाले लागला." ज्या बाईने सदतीस घरांना काम दिले, तिच्यावरच सदतीस घरांचे काम घालवल्याचा ठपका येणार होता. अक्षयतृतीयेला उरले होते एकवीस दिवस.

त्याच आठवड्यात कारखान्यात शालीकराम आला. वय पन्नाशीचे, डोळे बारीक, खिशात कायम खडूचा तुकडा. बारा वर्षे तो स्टेशनच्या मालधक्क्यावर होता. तिथे छोट्या लाईनच्या गाडीतला माल उतरवून मोठ्या लाईनच्या गाडीत चढवायचा असतो. सेठने त्याला आणले होते भट्टीच्या हिशेबाची वही नीट ठेवायला. पण पहिल्या दिवशी तो वहीजवळ फिरकलाच नाही. एक स्टूल घेऊन माझ्या टोकाशी बसला आणि नुसता पाहत राहिला.

दुपारी ताराचंदचा संयम सुटला. "का पाहून रायले गा? मी चोर हाओ का?"

"नाई भाऊ," शालीकराम म्हणाला. "मी माल पाहून रायलो. बारा वर्सं मी एकच काम केलो. माल चालतानी कदी खराब होत नाई. थांबला का होते. तुमचा माल कोटी थांबते, तेवढंच पाहून रायलो."

ताराचंदने फक्त "हं" केले आणि मोजायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून शालीकरामने माझ्या कडेच्या पट्टीवर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली. एक टोपली आली की एक रेघ. त्या टोपलीतल्या विड्या जास्त छाटल्या गेल्या तर रेघेवर टिंब. बाईचे नाव नाही, गाव नाही, फक्त कितवी टोपली ते. संध्याकाळी तो त्या रेघा एका कागदावर उतरवून घ्यायचा आणि मला ओल्या फडक्याने पुसायचा. इतक्या वर्षांत मला ओल्या फडक्याने पुसणारा तो पहिलाच. त्याने ताराचंदची पावलेही मोजली. माझ्यापासून गोदामापर्यंत बेचाळीस, येताना बेचाळीस, दिवसाला सव्वाशे बायकांसाठी सव्वाशे वेळा. विड्या तपासायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच कुलूप उघडायला आणि लावायला लागतो, असे तो मान हलवत स्वतःशीच पुटपुटला.

आठ दिवस गेले. माझ्या डाव्या टोकाला, जिथे सकाळच्या टोपल्यांच्या रेघा असत, तिथे टिंबे जवळजवळ नसायची. उजव्या टोकाला दाटी. मी मनात म्हटले, यात नवे काय, उजवीकडे आंबाटोलाच असतो ना?

पण मंगळवारी एक गंमत झाली. गोरेगावच्या बाजारात रात्र काढून परतणाऱ्या रिकाम्या गाड्या वाटेत भेटल्या आणि आंबाटोल्याच्या बायका त्यांत बसून लवकर पोहोचल्या. मोहल्ल्यांच्या बायका अजून यायच्या होत्या, म्हणून फुलचूरच्या मागोमाग त्याच उभ्या राहिल्या आणि मोहल्ले मागे पडले. त्या दिवशी आंबाटोल्याच्या रेघांवर एकही टिंब पडले नाही. टिंबे पडली ती मोहल्ल्यांच्या रेघांवर, ज्यांनी जन्मात मोह वेचला नव्हता! शालीकरामने खडू खाली ठेवला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे टक लावून पाहिले.

तो कागद घेऊन सेठकडे गेला. सेठची गादी माझ्यापासून दहा हातांवर, त्यामुळे सगळे ऐकू आले.

"सेठजी, खराबी हातात नाई. रांगेत हाय. बिडी घरून ओली निंगते. दोन-तीन घंटे उनात उभी रायते. वरतून सुकते, अंदरून ओली रायते, मंग पान उकलते. मोह गरते तवाच उनबी पडते, म्हनून मोहावर आळ आला."

सेठ हसला. "एक दिन का इत्तफाक है, शालीकराम."

"मंग आजमावून पाहा ना. एकच दिवस पाहा."

सेठ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ठीक है. पर सुनो. गलत निकले तो आंबाटोला तो बंद होगा ही, तुम भी यहाँ से जाओगे."

शालीकरामने हो म्हटले. पण आजमावायचे तर दोन हात लागणार होते. एक वाईट ठरलेला आणि एक ज्याच्यावर कोणाला शंका घेताच येणार नाही असा. दुसऱ्या दिवशी बोहनी झाल्यावर त्याने यशोदाबाईला माझ्याजवळ थांबवून घेतले. म्हातारी आता साठीपुढे गेली होती. त्याने तिला सगळे समजावले. एक दिवस तिची टोपली अनुसयाबाईची म्हणून शेवटी उभी राहील आणि अनुसयाबाईची टोपली तिची म्हणून आधी जाईल.

यशोदाबाईने पदर सावरला. "म्हंजे माही बिडी छाटात निंगंल?"

"निंगंल असं वाटते, माय."

"अना सगळ्याईच्या समोर?"

"हो."

"पंचवीस वर्सं झाली, गोंदियात माह्या हाताले कोनी नाव ठेवलं नाई." मला वाटले, नाहीच म्हणणार. कशाला हो म्हणेल? मानाची पहिली जागा, सेठचा नमस्कार, दिवाळीचे लुगडे, सगळे त्या हातावर होते. मग तिने विचारले, "आंबाटोल्याची ते अनुसया, फुलचूरच्या भैय्यालालची पोर ना?"

"तेच."

"तिले बिडी वराले मीच शिकवलो गा," यशोदाबाई म्हणाली. "तिचा हात वाईट असंल, त माहा कुटून चांगला? सांग तिले, माह्या घरी ये म्हनावं. दोघी मिरून वरू."

मित्रांनो, मी लाकूड आहे. लाकडाला आसवे नसतात. असती तर त्या वेळी ओघळली असती.

ठरल्याप्रमाणे अनुसयाबाई फुलचूरला गेली. एकाच गठ्ठ्यातली पाने, एकच तंबाखू, एकच अंगण. दोघींनी दिवसभर बसून विड्या वळल्या. यशोदाबाईने आपल्या प्रत्येक जुडीच्या मधोमध एक विडी लाल दोऱ्याने बांधून लपवली, म्हणजे नंतर वाद नको. सेठने स्वतः जाऊन ते पाहिले. ताराचंदला मात्र काही माहीत नव्हते.

सकाळ झाली. नेहमीप्रमाणे बोहनीला यशोदाबाई पुढे आली, पण तिच्या टोपलीत विड्या होत्या अनुसयाबाईच्या. ताराचंदने माझ्यावर ओतल्या, बोटे फिरवली, आणि म्हणाला, "वा माय! तुमच्या हाताले जवाब नाई." हजारातून त्याने तीन विड्या काढल्या. म्हातारी ढिम्म उभी. तिने पाने घेतली, पण घरी गेली नाही. पडवीच्या खांबाला टेकून बसली.

ऊन चढत गेले. बेचाळीस पावले जायची, बेचाळीस यायची. रांग मुंगीच्या गतीने सरकत होती. अनुसयाबाई आंबाटोल्याच्या रांगेत अगदी शेवटी, उघड्या अंगणात, यशोदाबाईची टोपली समोर ठेवून उभी होती. तिने टोपलीवर पदर धरायचा मोह आवरला असावा. झाकली तर परीक्षा कसली? तिच्या कपाळावरचा घाम मला इथून दिसत होता. सदतीस घरे त्या टोपलीत आहेत हे तिला ठाऊक होते, आणि टोपली बिघडावी अशी प्रार्थना करायची पाळी तिच्यावर जन्मात पहिल्यांदा आली होती.

तिचा नंबर लागला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. जुड्या माझ्यावर पडल्या आणि मला लगेच कळले. कोरड्या, करकरीत, तोंड वासलेल्या. तंबाखू माझ्या फटींत सांडला. ताराचंदच्या कपाळाला आठी पडली. त्याने मुठी भरायला सुरुवात केली.

"हेच तुमचं! अवो, कितीकदा सांगाचं? हे बिडी हाय का? मोहाचे हात..." तो थांबला. फुटलेल्या जुडीतून एक विडी निराळी पडली होती. "हा लाल दोरा कायचा?"

"तो माहा हाय," मागून आवाज आला. यशोदाबाई खांब धरून उठली आणि माझ्यापर्यंत चालत आली. "पाय नीट, ताराचंद. सगळ्या जुड्यांत एकेक हाय. ह्या बिड्या म्या वरल्या. सकारी तू ज्याले वा वा केला ना, त्या हिच्या होत्या."

ताराचंदने एक जुडी सोडली. लाल दोरा. दुसरी सोडली. लाल दोरा. सगळ्या जुड्या सोडून झाल्या तेव्हा त्याचे हात माझ्यावर तसेच पसरून राहिले. दर उन्हाळ्यात त्याने याच हातांनी आंबाटोल्याच्या विड्या फेकल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी आपण न्याय करतो आहोत असेच त्याला वाटले होते.

सेठ गादीवरून उठून आला. यशोदाबाई त्याला म्हणाली, "सेठजी, माह्या हातात लक्ष्मी-बिक्ष्मी काई नाई जी. माह्या वाट्याले सकार होती, एवढंच."

त्याने शालीकरामकडे पाहिले आणि विचारले, "तो अब क्या करना है?"

शालीकरामकडे उत्तर तयारच होते. पाने आणि तंबाखू सकाळीच तोलून, गठ्ठे बांधून ठेवायचे. ते वाटायला दुसरा माणूस. ताराचंदने जागेवरून उठायचेच नाही. गावागावांना वेळ वाटून द्यायची, म्हणजे दूरच्या बाईला आल्याबरोबर पुढे जाता येईल. टोपलीवर ओले फडके टाकायचे आणि रांग पडवीत वळवायची. बोहनीचा मान दररोज निराळ्या गावाला. हे शेवटचे ऐकून सेठ जरा कुरकुरला, पण यशोदाबाईनेच त्याला गप्प केले. "अना एकच मेज हाय," शालीकराम म्हणाला. "आदी छाटनी, मंग वाटप, दोनी कामं एकाच जागी अडकतेत. ह्याचे दोन कराचे."

'ह्याचे' म्हणजे माझे! ज्या अंगाला सेठ शुद्ध सागवान म्हणून थोपटत असे, त्याचे दोन तुकडे. केवलरामचे हात आता थरथरत, पण करवत त्यानेच चालवली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. दुखले का, असे विचाराल तर हो, खूप दुखले. भुसा अंगणभर उडाला. पण पहिल्याच दिवशी एक गोष्ट मी पाहिली. दुपारच्या आतच आंबाटोल्याची शेवटची टोपली रिकामी झाली होती आणि अंगणात ऊन होते, पण त्यात उभे राहिलेले कोणी नव्हते. छाटीचा ढीग मूठभर. तेव्हा मला वाटले, अर्धे होऊनही आपण दुप्पट कामाचे झालो.

अक्षयतृतीया आली. आंबाटोल्याला पाने मिळाली. त्या दिवशी सुशीलाबाईने अनुसयाबाईच्या डोक्यावरची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. माफी वगैरे मागितली नाही. तीन कोस दोन टोपल्या वाहिल्या.

पुढे कारखाना मोठ्या जागेत गेला. तिथे लोखंडी पायांची नवी मेजे आली आणि मी गोदामाच्या कोपऱ्यात पडले. वाळवीने माझा एक पाय चाखून पाहिला. तीन वर्षे माझ्यावर पोत्यांशिवाय कोणी काही ठेवले नाही. मग आंबाटोल्यात शाळा निघाली तेव्हा अनुसयाबाई सेठकडे गेली आणि शाळेसाठी तिने मला मागून आणले. यंदा झेंड्याच्या दिवशी गुरुजींनी माझ्यावर उभे राहूनच पताका बांधल्या. मी सगळा जोर लावून स्थिर राहिले.

परवा सुट्टीच्या दिवशी ताराचंद इथे आला होता. आता काठी घेऊन चालतो. काम सोडले आहे त्याने. अनुसयाबाई शाळा झाडायला आली होती. तो माझ्यावर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, तुले मालूम होतं ना, का बिडी घरून चांगली निंगते म्हनून? मंग इतके वर्सं तू बोलली काऊन नाई?"

अनुसयाबाईने झाडू थांबवला. आवाजात राग नव्हता.

"मी त बोलूनच रायली होती, भाऊ. तुमी मोजून रायले होते."

ताराचंद खाली बसला. मग तिने त्याला पाणी आणून दिले.

मित्रांनो, मी जुनी वस्तू आहे, माझी काळजी घ्या एवढे तर मी मागणारच. माझ्यावर चाकूने नावे कोरू नका, पावसात खिडकी उघडी ठेवू नका, वाळवी दिसली तर गुरुजींना सांगा. पण त्याहून मोठे मागणे निराळे आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणी शेतात काम कराल, कोणी दुकानात, कोणी कचेरीत. तिथे काम बिघडलेले दिसेल आणि समोर एखादा माणूस खाली मान घालून उभा असेल. त्याला बोल लावण्याआधी तो किती वेळ आणि कुठे उभा होता ते पाहा. आणि तो काही सांगत असेल, तर तेवढा वेळ तुमचे मोजणे थांबवा.